कामतांची दुरुस्ती

१९४८ च्या डिसेंबरात दिल्लीत बंदुकीचा विषय एकाच वेळी दोन ठिकाणी चालू होता. लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्माचरण यांच्या विशेष न्यायालयापुढे गांधीहत्या खटल्याचे अखेरचे युक्तिवाद चालले होते. पुराव्यातल्या वस्तूंत इटालियन बनावटीचे एक बेरेटा पिस्तूल होते. तिथून काही मैलांवर, संविधान सभेत, हरि विष्णु कामत एका दुरुस्तीसाठी उभे राहिले होते. मूलभूत हक्कांच्या यादीत आणखी एक हक्क घाला, अशी त्यांची मागणी होती: शस्त्र बाळगण्याचा आणि धारण करण्याचा.

गांधीजींना जाऊन जेमतेम दहा महिने झाले होते. बिर्ला हाऊसच्या हिरवळीवर ज्या शहरात गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच शहरात उभे राहून हे मागायला छाती लागते. ती कामतांकडे होती. मंगळूरचा हा माणूस आयसीएस झाला आणि १९३८ मध्ये ती नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेला. संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडकडून आलेले कामत हरण्याची पर्वा न करता दुरुस्त्या मांडत. पुढे १९४९ मध्ये उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी म्हणून त्यांनी मतदान घ्यायला लावले आणि ६८ विरुद्ध ४१ असे ते हरले. आणीबाणीच्या तरतुदी मंजूर झाल्या तेव्हा हा लाजेचा दिवस आहे असे भर सभागृहात सुनावणारेही हेच. सभागृहाला अशा सभासदाची कटकट वाटते; इतिहास वाचणाऱ्याला मात्र त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही.

शस्त्रांची ती मागणी कामतांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. काँग्रेसचा तो साठ वर्षांचा जुना ठराव होता आणि त्याच्या मुळाशी १८५७ होते.

दक्षिण दिल्लीत आयएनए मार्केटला लागून लक्ष्मीबाई नगर आहे. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने आपल्या नोकरवर्गासाठी ज्या वसाहती उभारल्या त्यांतली ही एक. आसपास नौरोजी नगर, नेताजी नगर, सरोजिनी नगर, किडवाई नगर. कारकून, सेक्शन ऑफिसर, स्टेनो यांचा हा मुलूख; सकाळी नऊला सगळी वसाहत बसथांब्यावर उभी. नावे देणाऱ्याने फार विचार केला असेल असे नाही, पण जन्मभर अर्ज-विनंत्या करणारे नौरोजी, फौज उभारणारे नेताजी आणि घोड्यावर बसून लढलेली झाशीची राणी अशी तिन्ही माणसे तिथे काही थांब्यांच्या अंतरात शेजारी आली आहेत. शस्त्राच्या हक्काची आपल्याकडची सगळी कथा या तिघांच्या मधूनच जाते.

मोरोपंत तांब्यांची मुलगी लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला पडली. त्यानंतर इंग्रजांनी जे केले त्याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही. मुलुखाची झडती घेऊन हत्यारे गोळा करण्यात आली. एकट्या अवधमध्ये १८५९ पर्यंत ७२० तोफा, सुमारे १ लाख ९२ हजार बंदुका आणि पावणेसहा लाखांच्या वर तलवारी जमा झाल्या. दीड हजारांहून अधिक गढ्या पाडल्या गेल्या. शेतकऱ्याच्या घरातली खुंटीवरची तलवारसुद्धा सरकारजमा झाली. पराभूत सैन्याची हत्यारे काढून घेणे ही युद्धातली रीतच आहे. इथे मात्र ती समाजाची काढून घेतली गेली.

पुढे वीस वर्षांनी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनने या तात्पुरत्या बंदोबस्ताला कायमचे रूप दिले. त्या वर्षीचा अकरावा कायदा म्हणजे शस्त्रांचा कायदा. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. रिपनने १८८२ मध्ये वर्तमानपत्रांचा कायदा उठवला. शस्त्रांच्या कायद्याला त्याने हात लावला नाही. त्यातले खरे शल्य परवान्याचे नव्हते. युरोपीय आणि युरेशियन माणसाला परवाना माफ होता आणि हिंदी माणसाला तो लागत होता, हे शल्य होते. चहामळ्यावरचा गोरा मॅनेजर बंदूक खांद्याला लावून हिंडे आणि डुकरांनी भुईमूग उकरला म्हणून ओरडणारा शेतकरी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवी. कायदा झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी पुणे जिल्ह्यात वासुदेव बळवंतांनी बंड केले. त्यामुळे सरकारला आपण केले ते बरेच केले असे वाटले असणार.

काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनात, १८८७ मध्ये मद्रासला बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष असताना, या कायद्यात बदल मागणारा ठराव झाला. तरुण बिपिनचंद्र पालांनी तिथे त्यावर जोरदार भाषण केले. ठरावाची भाषा मवाळ होती: प्रजा राजनिष्ठ आहे, कायद्याने लोकांना त्रास होतो, तेव्हा ज्याच्यावर काही ठपका आहे त्याला बंदी करा आणि बाकीच्यांना मोकळीक द्या. एकाही माणसाने हत्यार उपसले नाही. हत्यारासाठी केलेली ही चळवळ पहिल्यापासून शेवटपर्यंत कागदावर चालली, आणि हे तिचे वैशिष्ट्य आजही टिकून आहे. वंशभेदाची सवलत तरीही १९२० च्या नियमांपर्यंत गेली नाही.

या मागणीला पुढे सर्वांत मोठा वकील मिळाला तो म्हणजे स्वतः गांधीजी. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात ते सरकारसाठी सैन्यभरतीच्या प्रचाराला निघाले, तेव्हा पत्रकात त्यांनी लिहिले की एका सगळ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहासात इंग्रजी राजवटीचे सर्वांत काळे कृत्य म्हणून गणला जाईल. अहिंसेच्या उपासकाने असे लिहावे याचे आपल्याला नवल वाटते. त्यांच्या दृष्टीने त्यात विसंगती नव्हती: ज्याच्या हातात शस्त्रच नाही त्याने शस्त्र टाकले असे कसे म्हणायचे? मिठाच्या सत्याग्रहापूर्वी त्यांनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मीठ, दारूबंदी, शेतसारा, रुपयाचा दर अशा त्या मागण्यांत शेवटची होती ती आत्मरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत आणि त्यांच्यावर लोकांचे नियंत्रण असावे ही. ‘यंग इंडिया’च्या ३० जानेवारी १९३० च्या अंकात ती छापली गेली. त्या तारखेनंतर बरोबर अठरा वर्षांनी काय झाले ते वेगळे सांगायला नको.

१९२८ च्या नेहरू अहवालात हाच हक्क कलम म्हणून आला. १९३१ मध्ये कराचीला, भगतसिंगांना फाशी होऊन जेमतेम आठवडा झाला होता तेव्हा, सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली मूलभूत हक्कांचा ठराव झाला आणि त्यातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क नोंदवला गेला. म्हणजे भाषणस्वातंत्र्य आणि सभास्वातंत्र्य ज्या यादीत होते, त्याच यादीत बंदूक होती. सतरा वर्षांनी स्वतंत्र भारताची यादी तयार झाली तेव्हा बाकीचे सगळे त्यात उतरले आणि बंदूक तेवढी गळाली. कामतांनी उठून विचारले ते इतकेच.

मधल्या काळात काय घडले होते ते लाल किल्ल्यातल्या साक्षींतून रोज बाहेर येत होते, आणि ते मराठी माणसाला फार जवळचे होते. माफीचा साक्षीदार झालेला दिगंबर बडगे पुण्यात ‘शस्त्र भांडार’ नावाचे दुकान चालवीत होता. दर्शनी चाकू, खंजीर असा माल आणि आतल्या बाजूने बंदुका, काडतुसे, हातबॉम्ब. २० जानेवारीचा पहिला प्रयत्न फसला. त्यानंतर नथुराम गोडसे आणि नारायण आपटे चांगल्या पिस्तुलाच्या शोधात ग्वाल्हेरला गेले आणि डॉक्टर दत्तात्रय परचुरे यांच्या ओळखीतून ते बेरेटा त्यांच्या हाती आले. परवान्याचा प्रश्नच नव्हता. लक्ष्मीबाई जिथे पडली त्या गावातून हे पिस्तूल यावे, या योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये. पण ऐकणाऱ्याच्या मनात तो येतोच.

या पिस्तुलाने दोन्ही बाजूंना हवे ते सिद्ध करता येते. सत्तर वर्षे देशाला निःशस्त्र ठेवणारा कायदा पुस्तकात असूनही ज्याला खून करायचा होता त्याला दोन दिवसांत हत्यार मिळाले. तेव्हा कायद्याने फक्त सरळमार्गी माणसाचे हात बांधले, असे कोणीही म्हणू शकत होता. आणि उलट, आताच ही गत, तर हक्क दिल्यावर काय होईल, असेही. सभागृहाचा कल दुसरीकडे असणार हे उघड होते. फाळणीच्या कत्तली होऊन वर्षच लोटले होते, निर्वासितांचे तंबू अजून दिल्लीत होते, काश्मीरमध्ये लढाई चालू होती.

कामतांची दुरुस्ती मोकाट नव्हती. सार्वजनिक सुव्यवस्था आणि शांततेसाठी सरकारला या हक्कावर निर्बंध घालता येतील, चालू कायद्यांनाही बाध येणार नाही, असे उपकलम त्यांनीच सोबत जोडले होते. कराचीच्या ठरावाची त्यांनी सभागृहाला आठवण दिली. ज्या अधिवेशनाचे अध्यक्ष त्या क्षणी देशाचे गृहमंत्री होते, त्याची आठवण देण्यात थोडा खोडसाळपणा होता, आणि तो योग्यही होता.

उत्तर द्यायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्यांनी गांधीहत्येचा आधार घेऊन भावनेला हात घातला नाही. त्यांनी कामतांच्या उपकलमाचेच पोट फाडले. हक्क प्रत्येक नागरिकाला दिला की चोरही नागरिक आहे आणि सराईत गुन्हेगारही. हक्क कसा वापरायचा यावर निर्बंध घालता येतील, पण हा माणूस हक्काचा धनीच नाही असे म्हणायची सोय त्या उपकलमात नव्हती. कोणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत आणू लागला तर राज्य चालवायचे कसे, हा त्यांचा दुसरा प्रश्न. आणि तिसरा मुद्दा, जो माझ्या मते सगळ्यांत वजनदार होता: आग्रह धरायचाच तर शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा कशाला, कर्तव्याचा धरा. युद्ध, बंड, राज्यावर संकट आले तर राज्याने नागरिकाला शस्त्र घेऊन उभे राहायला सांगावे, आणि त्याची सोय मसुद्याच्या सतराव्या कलमात आधीच केली आहे.

दुरुस्ती फेटाळली गेली.

आंबेडकरांचे उत्तर वकिली होते, पण नुसते वकिली नव्हते. ज्या गावगाड्यात हत्यार कोणाच्या हाती असते आणि ते कोणावर उगारले जाते हे ज्याने जन्मापासून पाहिले, त्याला ‘प्रत्येकाला हक्क’ याचा व्यवहारातला अर्थ कळत होता. तरी कामतांच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी. हक्क नाकारला की मागे परवाना उरतो, आणि परवाना म्हणजे साहेबाची मर्जी. इंग्रजी राज्यात चामडीचा रंग पाहिला जात होता. नंतर ओळखपाळख पाहिली गेली. ही भीती आंबेडकरांच्या उत्तरातून निघून जात नाही. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात आज शस्त्रांचा उल्लेख एकदाच येतो, तो शस्त्रांविना शांततेने एकत्र जमण्याच्या हक्कात. शिखांना कृपाण धारण करता येते, पण तो धर्मस्वातंत्र्याचा भाग म्हणून, पंचविसाव्या कलमाखाली.

इंग्रजांचा १८७८ चा कायदा स्वतंत्र भारताने आणखी पंधरा वर्षे वापरला. १९५९ मध्ये नवा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. हा कायदा लिटनच्या कायद्यापेक्षा पुष्कळ सभ्य आहे. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक किंवा स्वसंरक्षणासाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची साधी बंदूक मागितली तर नाकारण्यासारखे कारण नसल्यास परवाना द्यावा, असे तेराव्या कलमात म्हटले आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या घरांत आज ज्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका दिसतात, त्या या कलमाच्या लेकी. १९८३ मध्ये एका माणसाला जास्तीत जास्त तीन हत्यारे अशी मर्यादा आली. ऐंशीच्या दशकातच परदेशी बंदुकांची आयात सामान्य माणसापुरती बंद झाली आणि आधीपासून देशात असलेल्या जुन्या विलायती पिस्तुलांचे भाव आकाशाला भिडले.

यानंतर हक्क मागणारे पुन्हा एकत्र आले ते आणखी एका शोकांतिकेनंतर. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत सुरू झालेल्या हल्ल्यात दहा दहशतवाद्यांनी १६६ माणसे मारली. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे त्यांतल्या कसाबच्या रायफलीला भिडले तेव्हा त्यांच्याजवळ लाठी होती. या एका चित्रातून लोकांनी निरनिराळे धडे घेतले. बंदुकांचे शौकीन, नेमबाज, संग्राहक म्हणू लागले की सामान्य माणूस निःशस्त्र होता म्हणून ही कत्तल झाली. गृहमंत्रालयाने नेमके उलटे काढले आणि ३१ मार्च २०१० च्या धोरणाने परवान्यांचे नियम आवळले: पोलिसांच्या चौकशीशिवाय परवाना नाही, देशभर चालणारा परवाना मोजक्यांनाच. कसाबजवळची रायफल कोणत्याही कलेक्टरच्या सहीने आलेली नव्हती, हा परवानाधारकांचा युक्तिवाद मंत्रालयाला खोडता आला नाही. पण तो खोडावा लागलाही नाही. याच सुमारास ‘नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया’ ही संस्था उभी राहिली. नाव अमेरिकी वळणाचे, काम मात्र अस्सल देशी: निवेदने, खासदारांच्या गाठीभेटी, नियमांच्या मसुद्यावर हरकती. मद्रासच्या ठरावाचेच हे पणतू.

खरे यश मात्र कोर्टात मिळाले, आणि त्याची फारशी बातमीही झाली नाही. निवडणूक आली की सरसकट सगळ्यांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, असा दंडक होता. मुंबई उच्च न्यायालयात २००९ मध्ये त्याविरुद्ध याचिका झाली आणि सरसकट नको, प्रत्येक प्रकरण तपासून ठरवा, असे ठरले. मग निवडणूक आयोगाने जिल्ह्याजिल्ह्यात छाननी समित्यांची पद्धत घालून दिली. ज्या बागाईतदाराच्या नारळांवर माकडे आणि भातावर डुकरे पडतात, त्याच्या लेखी हा निर्णय संविधान सभेतल्या सगळ्या चर्चेपेक्षा मोठा आहे.

त्यानंतरची शोकांतिका लक्ष्मीबाई नगराच्या दाराशी आली. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री मुनीरकाच्या थांब्यावरून बसमध्ये चढलेल्या आणि तिथे सामूहिक बलात्काराला बळी पडलेल्या मुलीला सफदरजंग रुग्णालयात आणले गेले. हे रुग्णालय या वसाहतीतून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्या मुलीला २६ तारखेला सिंगापूरला नेले आणि २९ ला ती गेली. रायसीना टेकडीवर तरुण मुले-मुली पाण्याचे फवारे अंगावर घेत उभी होती, तेव्हा शहरात आणखी एक रांग लागत होती. १८ डिसेंबरपासूनच्या दोन आठवड्यांत दिल्ली पोलिसांच्या परवाना शाखेकडे बायकांचे २७४ अर्ज आले आणि बाराशेवर चौकश्या. यांतल्या बहुतेकींना परवाना मिळण्याची आशा कितपत होती कोण जाणे. कायद्याची स्थिती मात्र चमत्कारिक होती: बलात्कार करू पाहणाऱ्याचा जीव घेण्यापर्यंतचा आत्मरक्षणाचा हक्क १८६० च्या दंड संहितेच्या शंभराव्या कलमाने बाईला दिलेला होता, तो बजावायचे साधन मात्र अर्ज करून मागायचे.

मुंबईत शिवसेनेने याला आपल्या पद्धतीने उत्तर दिले. २३ जानेवारी २०१३ ला, बाळासाहेबांच्या जयंतीला, बायकांना हजारो चाकू वाटले. पाते तीन इंचांच्या आत, म्हणजे परवान्याची भानगड नको. नेमक्या त्याच दिवशी दिल्लीत न्यायमूर्ती वर्मा समितीने आपला अहवाल सादर केला. बायकांच्या हाती हत्यार देण्याऐवजी पोलीस, कोर्ट आणि कायदा दुरुस्त करा, असा त्याचा सगळा रोख. आंबेडकर-कामत वाद चौसष्ट वर्षांनी पुन्हा झाला तो असा, दोन शहरांत, एकमेकांचे न ऐकता.

पुढच्या वर्षी, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. वजन अर्धा किलो, .३२ बोअर, दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीत, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. मुनीरकाच्या थांब्यावर रात्री बसची वाट पाहणाऱ्या मुलीने ते घ्यावे अशी कल्पना कोणी केली असेल तर त्या माणसाने बसने प्रवास केलेला नसावा. शस्त्रनियंत्रणासाठी काम करणाऱ्या बीनालक्ष्मी नेपराम यांनी या नावावरच आक्षेप घेतला. ‘निर्भया’ म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या मुलीच्या आठवणीचा हा अपमान आहे असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते.

परवाने कोणाच्या घरात आहेत ते आकडे सांगतात. २०१६ अखेर देशात ३३ लाख ६९ हजार चालू परवाने होते, त्यांपैकी १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. उत्तर प्रदेशात सज्जन माणसे महाराष्ट्राच्या पंधरापट आहेत असा याचा अर्थ कोणी काढणार नाही. बंदूक तिकडे लग्नात मिरवायची चीज आहे.

म्हणून २०१९ मध्ये सरकारने विधेयक आणले तेव्हा त्यात आनंदाने हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आणि तीनऐवजी एकच हत्यार ठेवता येईल अशी अट होती. मग मात्र वडिलोपार्जित बंदुकांचे मालक, राजपूत आणि शीख घराणी, नेमबाज सगळे खडबडून उठले. पंजाबचे मुख्यमंत्री कॅप्टन अमरिंदर सिंग यांनी केंद्राला पत्र लिहून फेरविचार करायला सांगितले. ९ डिसेंबरला लोकसभेत आणि १० ला राज्यसभेत विधेयक मंजूर झाले, तोवर एकाचे दोन झाले होते. नेमबाजांना वेगळी सवलत राहिली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. ज्याच्याकडे तिसरे हत्यार होते त्याला ते वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला सांगण्यात आले. मग आजोबांची दुनळी द्यायची की वडिलांचे रिव्हॉल्व्हर, यावर घरोघर वाद झाले.